आखाजीचा स्विच

एप्रिल उजाडला की आयटीमध्ये हवा बदलते. अप्रेझलचं पत्र हातात पडतं, पाच-सहा टक्के वाढलेले दिसतात, आणि जेवणाच्या टेबलावर एकदम सगळे जण "मार्केट कसं आहे?" असं विचारायला लागतात. नौकरी डॉट कॉमवरचा बायोडेटा अपडेट होतो (काही न बदलता फक्त सेव्ह केला तरी वर येतो म्हणे, करून बघा :) ), जुन्या कलीगला तीन वर्षांनी अचानक "काय रे, कसा आहेस?" असा मेसेज जातो. मग नोटीस पिरियडचे नव्वद दिवस, बायआउट, काउंटर ऑफर वगैरे नेहमीचं रामायण.

आपल्याला वाटतं की हा सीझन कॉर्पोरेट जगाने आणला. पण आमच्या खानदेशात नोकरी बदलायचा सीझन याच दिवसांत असायचा, आणि तोही कित्येक पिढ्यांपासून. त्याचा मुहूर्त होता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी जरा सांगतो. आखाजी हा खानदेशातला मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आणि पुरुषमंडळी उघडपणे पत्त्यांचे डाव मांडून बसतात. पण शेतावर राबणाऱ्या माणसासाठी आखाजीचा अर्थ वेगळाच होता. त्या दिवशी सालदाराचं साल संपायचं आणि नवीन साल सुरू व्हायचं. रब्बी आवरलेली, खरिपाची मशागत अजून पुढे. मालकाला हिशेब मिटवायला आणि नवा गडी धरायला याहून सोयीची वेळ नाही. मराठवाडा-विदर्भात हाच माणूस सालगडी, आणि त्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं. आपलं फायनान्शियल इयर आणि त्यांचं साल, दोन्ही आसपासच पडतात.

आता या 'जॉब'चं ऑफर लेटर बघा. कागद नाही, सगळं तोंडी. वर्षाचा एक आकडा ठरणार, काही रोख, काही धान्य, कुठे कपडे नि जोडे. कामाचे तास? पहाटे बैलांना वैरण टाकण्यापासून रात्री गोठा बंद करेपर्यंत. बायकोने मालकाच्या घरचं शेणगोठ्याचं काम करायचं, हे न बोलता गृहीत. आजारपण, मयत, कशानेही एक दिवस बुडला की तो 'खाडा'. खाडे मोजले जायचे, आणि साल संपताना एकतर पैसे कापायचे किंवा तेवढे दिवस जास्त राबायचं. हा शब्द आजही आपल्या बोलण्यात आहे, क्लासला खाडा, जिमला खाडा. पण मूळ शब्दाला पैशाचा वास आहे.

या सगळ्यातला खरा फास होता उचल. साल ठरतानाच, किंवा मध्ये कधी लग्न-दवाखाना निघाला की, मालकाकडून आगाऊ पैसे घ्यायचे. वर्ष संपलं की हिशेबात दिसायचं की उचल जास्त आहे आणि फिटलेलं साल कमी. मग पुढचं वर्ष त्याच दारात. नवीन मालकाकडे जायचं तर आधी जुन्याचं देणं मिटवायला हवं, आणि ते मिटवायला पैसे लागणार, ते देणार कोण? तर नवीन मालक, म्हणजे पुन्हा उचल! थोडक्यात, स्विच करायची मुभा होती आणि मुहूर्तही होता. बहुतेकांकडे नव्हती ती नोटीस पिरियड बायआउट करायची ऐपत.

माझ्या पहिल्या कंपनीने (नाव राहू दे) दोन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतला होता आणि मार्कशीट्स स्वतःकडे ठेवल्या होत्या. आम्ही फ्रेशर्स हॉस्टेलवर बसून त्याला शिव्या घालायचो. सालदाराची आणि आपली तुलना करणं म्हणजे फाजीलपणाच होईल, आपल्याला एसी होता आणि महिन्याच्या महिन्याला पगार. पण यंत्रणा ओळखीची वाटते की नाही? माणसाला धरून ठेवायचं तर भिंत बांधावी लागत नाही. त्याला आधी काहीतरी दिलं की पुरतं.

पण सातपुड्यातला माणूस सालदार झालाच का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. डोंगरातले भिल्ल नाईक कोणाच्याही राज्यात स्वतःला नोकर समजत नव्हते. घाटांची राखण करायची, त्याबद्दल हक्क घ्यायचा, आणि हक्क मिळाला नाही तर खालची गावं लुटायची, असा त्यांचा हिशेब होता. कंपनीने पहिली काही वर्षं फौजा पाठवून बघितल्या. फौजेला डोंगर आणि मलेरिया दोन्ही झेपेनात. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात दुसरी युक्ती निघाली. ज्यांच्याशी लढतो आहोत त्यांनाच नोकरीवर घ्यायचं. १८२५ साली खानदेश भिल्ल कोअर उभी करायचं काम दिलं जेम्स औट्रम नावाच्या लेफ्टनंटला. वय बावीस! आपल्याकडे या वयात पोरगं कॅम्पसच्या ॲप्टिट्यूड टेस्टला बसलेलं असतं. (चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. पावसाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात की आठवा.)

औट्रमने भरती कशी केली हे इंटरेस्टिंग आहे. उमेदवारांना ठाण्यावर बोलावलं असतं तर एकही आला नसता. सरकारी माणूस बोलावतो म्हणजे पकडणार, हाच आजवरचा अनुभव. म्हणून तो स्वतः डोंगरात गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. वाघाच्या शिकारीत हा गडी मागे हटत नाही हे पटल्यावर मग हळूहळू माणसं आली. मागचे गुन्हे माफ, ठरलेला पगार, आणि काम आपल्याच मुलखात. दुसऱ्या बाजूला भिल्ल एजंट नेमले होते. वायव्य खानदेशाच्या एजंटाचं ठाणं कुकरमुंड्याला होतं, तळोद्याच्या पलीकडे, आज ते गुजरातच्या तापी जिल्ह्यात येतं. ज्यांना शिपाईगिरी नको त्यांना हे एजंट बैल, बियाणं आणि तगाई देऊन जमिनीवर बसवत. आणि जे दोन्हीला नाही म्हणत त्यांच्यावर ही कोअर पाठवली जाई. म्हणजे भिल्लाला पकडायला भिल्ल. कोअरचं मुख्य ठाणं धरणगाव. १८९१ पर्यंत ती टिकली, नंतर पोलिसात विलीन झाली. सिमकॉक्स नावाच्या अधिकाऱ्याने १९१२ मध्ये तिचा इतिहास लिहिला, त्याला त्यात अर्थातच सगळं छानच दिसतं. मला मात्र त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेव्हा भिल्लाच्या हातात नाही म्हणायची ताकद होती. डोंगर त्याचा होता, जंगल त्याचं होतं, पोट भरायला त्याला तुमची नोकरी लागत नव्हती. म्हणून एम्प्लॉयरला उठून त्याच्या झोपडीपर्यंत यावं लागलं. नोकरीच्या बाजारातला हाच खरा बार्गेनिंग पॉवर. बाकी सगळी फॉरमॅटिंग.

ती ताकद पुढच्या पन्नास वर्षांत गेली. १८७८ मध्ये जंगल कायदा आला आणि राखीव जंगलं आखली गेली. त्याच साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि घरची मोहाची दारू गुन्हा ठरली. तापीकाठची शहादा-तळोद्याची काळी जमीन, सोन्यासारखी, ती सावकाराच्या वहीतून आणि कोर्टाच्या डिक्रीतून हळूहळू दुसऱ्यांच्या नावावर गेली. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि भुसावळ जोडलं, कापसाला भाव आला, जमिनीची किंमत वाढली, आणि जमीन घेणाऱ्यांचा उत्साहही. ज्याच्या बापाची ती जमीन होती तो त्याच शेतावर सालदार म्हणून आखाजीला उभा राहायला लागला.

मधली बरीच वर्षं सोडून देतो. थेट १९७०.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, हा भाग धुळे जिल्ह्यात होता (आपला जिल्हा १ जुलै १९९८ चा). शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती नावाचा भिल्ल तरुण कार्यकर्ता लोकांना एकत्र करत होता. सर्वोदयाच्या मंडळींबरोबर काम केलेला, भजनं म्हणणारा, लोक त्याला अंबरसिंग महाराज म्हणत. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला आणि हा तालुका राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आला. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, आणि शहरांतून काही शिकलेली पोरं इथे येऊन राहिली. त्यातले एक कुमार शिराळकर. मुंबई आयआयटीतून इंजिनिअर झालेले. जिथे आज प्लेसमेंटच्या दिवशी पॅकेजचे आकडे पेपरात छापून येतात, त्या कॉलेजातून निघून माणूस शहाद्याला आला आणि पन्नास वर्षं याच कामात राहिला. २०२२ मध्ये गेले. करिअर गॅप कसा एक्स्प्लेन करायचा यावर आपण लेख वाचतो, म्हणून सांगितलं. स्थानिक पोरांतूनही नेतृत्व उभं राहिलं. वाहरू सोनवणे त्यातलेच, पुढे ते कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले.

१९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. आणि इथे आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत सुरू होते. सालदाराच्या मागण्या बघा: पगार वाढवा, सुट्ट्या ठरवून द्या, कामाच्या वेळा ठरवा. क्रांती वगैरे काही नाही, आपल्या एचआर पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतात त्याच गोष्टी. पण तोवर प्रत्येक सालदार मालकासमोर एकटा उभा राहून आकडा ठरवत होता, आणि शेजारच्या शेतावरचा काय घेतो हे त्याला नीट माहीत नसायचं. (ग्लासडोअर यायला अजून पस्तीस वर्षं होती.) एकत्र बसून आकडे बोलले गेले, सगळ्यांनी एकच सांगायचं ठरवलं, संप झाले, तेव्हा भाव बदलला. मालकांनीही स्वस्थ बसणं शक्य नव्हतं, पीक संरक्षणाच्या नावाखाली रखवालदारांच्या टोळ्या उभ्या करायचे घाट घातले गेले. त्याच काळात गावागावात बायका दारूच्या भट्ट्या फोडत होत्या. नवऱ्याची मजुरी वाढवून ती गुत्त्यात जाणार असेल तर काय उपयोग, हा त्यांचा साधा हिशेब. अंबरसिंग १९७४ मध्ये वारले, फार लवकर. १९७५ च्या वटहुकुमाने आणि मग १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बेकायदा झाली, म्हणजे उचलीसाठी माणूस बांधून ठेवणं निदान कागदावर तरी गुन्हा ठरलं.

पण मला वाटतं की संघटनेइतकीच दुसरी एक गोष्ट कामाला आली, ती म्हणजे खडी फोडण्याचं काम.

१९७० ते ७३ महाराष्ट्रात दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. आपल्या आजीआजोबांपैकी कोणी ना कोणी त्यात असेल, विचारून बघा. याच्या आधी, १९६५ मध्ये, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग केला होता. जो काम मागेल त्याला काम. दुष्काळात त्याचं राज्यव्यापी रूप झालं, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामाची मागणी लेखी करायची, पंधरा दिवसांत काम मिळायला हवं, नाहीतर भत्ता. पुढे २००५ चा केंद्राचा कायदा याच मुळावर उगवला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात घेतलेल्या देशातल्या २०० जिल्ह्यांत नंदुरबार होता.

रोहयोवर भ्रष्टाचाराचे किस्से भरपूर आहेत, खोटे मस्टर, वाहून गेलेले बंधारे, ते सगळं मान्य. तरी आखाजीच्या दिवशी मालकासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. "नसेल परवडत तर जा" असं मालक म्हणाला, तर आधी जायला जागाच नव्हती. आता निदान खडीचं काम आहे. मजुरी थोडी, काम कष्टाचं, पैसे उशिरा. पण हातात दुसरी ऑफर आहे! आपल्यापैकी ज्याने एकदा तरी सॅलरी निगोशिएट केली आहे त्याला हा फरक सांगायला नको. तीच व्यक्ती, तोच अनुभव, तेच स्किल, पण खिशात दुसरं ऑफर लेटर असलं की आवाज बदलतो. शहाद्यातही दुष्काळी कामं मागणं आणि त्याची मजुरी वेळेवर मागणं हे संघटनेच्या कामातच धरलेलं होतं, ते उगाच नव्हे.

आणि याचे पैसे आले कुठून? तुमची सॅलरी स्लिप उघडा. महाराष्ट्रात नोकरी असेल तर वजावटीत पीएफच्या आसपास 'पीटी' अशी ओळ दिसेल. दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. प्रोफेशनल टॅक्स. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि रोजगार हमीला पैसा उभा करणं हे त्यामागचं कारण होतं. शहरातल्या पगारदारांकडून घ्यायचं आणि गावातल्या बिनपगारदाराला काम द्यायचं. फेब्रुवारीतच शंभर जास्त का कापले म्हणून पेरोलला मेल टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या ओळीला एवढा इतिहास आहे हे कोणी इंडक्शनमध्ये सांगत नाही.

आता दुसऱ्या रस्त्याकडे येतो, कारण सालदारकी कमी झाली म्हणून गोष्ट सुखान्त झाली असं नाही.

१९५० च्या दशकात दक्षिण गुजरातेत सहकारी साखर कारखाने सुरू झाले, बारडोली, मग मढी, चलथाण, गणदेवी. ऊस तोडायला माणसं हवी होती, आणि कारखान्यांनी ती आणली खानदेशातून आणि डांगातून. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून त्या भागात फिरून लिहीत आले आहेत, त्यांनी या 'खानदेशी' टोळ्यांवर सविस्तर लिहिलं आहे. पद्धत अशी. पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असताना, मुकादम दारात येतो. मुकादम गावचाच, नात्यातला, आपली भाषा बोलणारा. कारखान्याकडून आलेली उचल तो वाटतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळी झाली की ट्रक येतो, कोयते भरले जातात, उसाच्या फडांजवळ पडावावर झोपड्या पडतात, आणि उन्हाळा संपत येईपर्यंत तोड चालते. उचलीवर व्याज. हिशेब शेवटी. मुकादमाला टनामागे कमिशन. म्हणजे आपला कन्सल्टंट, फरक एवढाच की हा कन्सल्टंट कर्जही देतो, सुपरवायझरही असतो आणि हिशेबनीसही तोच. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, फोटो काढायला लोक जातात. कोयत्यासाठी मात्र ती रेघ पार करणं म्हणजे आपल्या राज्याचा कामगार खाता आणि त्या राज्याचा कामगार खाता, दोघांच्याही हिशेबातून बाहेर पडणं.

इथे मला मार्क ग्रॅनोव्हेटर आठवतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, त्याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की नोकरी कशी मिळाली. निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं, ओळखीतून. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्याच्याकडून माहिती मिळाली तो माणूस वरचेवर भेटणारा होता असं सहामागे एकानेच सांगितलं. बाकीच्यांना ती मिळाली अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवीन बातमी दूरच्या माणसाकडे असते.

आमच्याकडच्या पाड्यावर हे उलटं लावून बघा. काम कुठून कळतं? मामा, मेव्हणा, चुलतभाऊ, मुकादम. सगळे जवळचे, आणि सगळे उसालाच गेलेले. ओळखी घट्ट आहेत, संकटात धावून येणाऱ्या आहेत, पण त्या सगळ्या एकाच फडावर नेऊन सोडतात. "नेटवर्किंग करा" हा सल्ला पुण्यात देणं सोपं आहे, इथे हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हीच दूरची ओळख. धडगावच्या पोराला ती मिळते कुठे? माझ्या पाहण्यात ती मिळाली आश्रमशाळेत, होस्टेलवर, सैन्य-पोलीस भरतीच्या मैदानावर, आयटीआयमध्ये. म्हणजे जिथे दहा गावांची पोरं एकत्र राहतात तिथे. औट्रमच्या कोअरचं एक चांगलं करायचं तर तेवढंच असावं, दहा डोंगरांची माणसं तिथे एका रांगेत उभी राहिली.

शेवटी आपल्याच क्षेत्राची एक गोष्ट सांगून थांबतो. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी नंदन नीलेकणी यांनी २००९ मध्ये कंपनी सोडून सरकारी प्रकल्प हातात घेतला, आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले होते. बारा आकडी नंबर, बोटांचे ठसे, बुबुळांचे फोटो, एवढी प्रचंड सिस्टीम, आणि तिचा पहिला रेकॉर्ड आमच्या तालुक्यातला. आपल्यातल्या कित्येकांनी पुढे त्याच्या एपीआयवर केवायसीचे मॉड्यूल लिहिले असतील. नंतरच्या वर्षांत बातमीदार टेंभलीला परत परत गेले आणि विचारत राहिले की कार्डाने काय बदललं. सप्टेंबरचा शेवट म्हणजे पितृपक्ष-नवरात्राच्या आसपासचे दिवस. तोवर सातपुड्याच्या पायथ्याला मुकादमांची उचल वाटून झालेली असते, आणि कोणत्या फडावर किती कोयते जाणार हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं.